युरियाची गोण

"रेवे, त्यांना सांग, पाय खाली घ्या म्हणावं. लेकाची गाडी आहे, बैलगाडी नाही."

मी आरशात पाहिलं. सगळ्यात मागच्या सीटवर, गोधड्यांच्या ढिगाला टेकून काका आडवे झाले होते आणि त्यांचे दोन्ही पाय मधल्या सीटच्या पाठीवर ऐटीत विसावले होते.

"काका, काकू म्हणते पाय खाली घ्या."

"ऐकलं मी. तिला सांग, पायात मोजे आहेत."

"काकू, काका म्हणतात—"

"ऐकलं मी."

पहाटे निफाड सोडल्यापासून हे असं चाललं होतं. आता पुणं मागं पडून खंबाटकीचा घाट आला, तरी दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. जे काय बोलायचं ते माझ्यावरून जायचं. टपाल खातंसुद्धा दोन घरांमध्ये दिवसातून एकदाच फिरतं, मी मात्र सकाळपासून हेलपाटे घालत होते.

त्यांचा अबोला दोन वर्षांचा होता. हेमंतच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा. कशावरून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भावकीत कुणी म्हणे जमिनीवरून, कुणी म्हणे सुनेला घातलेल्या पाटल्यांवरून. घरात तिसरं कुणी नसलं तर ती दोघं मांजराकरवी बोलत. "मने, त्यांना सांग ताट वाढलंय." मनी बिचारी दोघांच्या तोंडाकडं बघे आणि आधी आपणच ताटापाशी जाऊन बसे.

आणि आता काकूनं ठरवलं होतं की आपण बंगळूरला लेकाकडंच राहायचं. कायमचं. डिकीत तिच्या दोन ट्रंका होत्या, पापडांचे डबे होते, पाटा-वरवंटासुद्धा होता. काकांची मात्र एकच पिशवी, तिच्यात एक धोतरजोडी आणि दाढीचं सामान. "तिला पोचवतो आणि फिरतो," एवढंच ते मला म्हणाले होते. नेताना दोघं, आणताना एक. 

गाडी हेमंतची. दिवाळीला घेऊन आला होता, पण कंपनीनं मधेच बोलावल्यामुळं विमानानं परत गेला आणि मला म्हणाला, "रेवा, तूच घेऊन ये, आईबाबांनाही आण." मी गाडी शिकले ती काकांच्याच खताच्या टेम्पोवर. त्या टेम्पोला दुसरा गिअर टाकायचा तर दोन हात आणि एक शिवी लागायची. ही गाडी जर्मन, डिझेलची, मोरासारखी निळी आणि ओट्यासारखी उंच. बटण दाबलं की चालू झाली का नाही तेही कळायचं नाही.

"डिझेलची गाडी आणि आवाज नाही?" काका निघताना म्हणाले होते. "हिचा घसा बसलाय. हेमंतला सांग, दाखवून घे."

काकू पुढं माझ्या शेजारी बसली होती. तिची सीट पाठ चेपून द्यायची. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा ती दचकून पुढं सरकली, "अगं, मागनं कोण हात लावतंय?" पण शिरवळ येईतो तिला ते मानवलं होतं, आणि सातारा आला तेव्हा ती डोळे मिटून म्हणत होती, "सून आहे गं ही गाडी, सून." मधेच पडद्यावर कपाचं चित्र उमटलं, ड्रायव्हरनं आता विसावा घ्यावा म्हणून. काकूनं विचारलं, मी सांगितलं. "बघ," ती मागं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "लोखंडाला कळतं समोरचं माणूस दमलंय ते."

काकांनी माझा फोन घेतला होता आणि लासलगावच्या कांद्याचे भाव ऐकत ते पडले होते. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात भाव ऐकू येत नसत.

उसाचे ट्रॉलीवाले दिसायला लागले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाला तुरे आले होते, उन्हात पांढरे, हलले की लाट उठावी असे. काकू काचेतून बघत राहिली. मग तिला जात्यावरची सवय आठवली असावी, कारण ती हलक्या गळ्यानं गुणगुणायला लागली. ओव्या ती जुन्या म्हणत नसे. समोर दिसेल त्याची नवी करी.

"लेकाच्या गं गावा जाते, काळी वाट डांबराची,
मागं राहिली अंगणी, सावली गं उंबराची."

आता ही रडते की काय, असं वाटत होतं तेवढ्यात मागच्या गोधड्या हलल्या.

"रेवे, तिला सांग, आपल्या अंगणात उंबर कधीच नव्हता. पपई आहे."

काकूनं डोळे पुसले नाहीत, कारण ते लगेच कोरडे झाले. "त्यांना सांग, पपई ओवीत बसत नाही."

"नसेल बसत. पण आहे ती पपईच."

"चाळीस वर्षं," काकू मला म्हणाली, "चाळीस वर्षं मी या माणसाबरोबर जातं ओढलं. एक ओळ कधी नीट ऐकली नाही त्यांनी. गोणी मोजल्या नुसत्या." निफाडला काकांचं खताचं दुकान होतं, श्रमसाफल्य कृषी सेवा केंद्र. दुकान आता दुसऱ्याला दिलं होतं, पण काका अजून दुकानातच होते.

कऱ्हाड मागं पडलं आणि गाडीनं टिंग केलं. पडद्यावर पिवळी अक्षरं आली. इतक्या किलोमीटरनंतर गाडी पुन्हा सुरू होणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी. मी घाबरले. काकूचा फोन गाडीला जोडलेला होता, हेमंतनंच जाण्याआधी जोडून दिला होता. फोन मागं ट्रंकेत, पापडांच्या खाली, पण गाडीशी त्याचं सूत जमलेलं. मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून म्हटलं, "कॉल हेमंत." गाडीतली बाई गोड आवाजात इंग्रजीतून हो म्हणाली.

"काही नाही गं," हेमंतचा आवाज गाडीभर घुमला. "युरिया संपत आलाय. पुढच्या पंपावर युरिया टाकून घे आणि जा."

मागं गोधड्यांचा ढीग उठून बसला.

"युरिया?"

"हो बाबा. डिझेलच्या गाडीला लागतो आता. धुरासाठी."

"गाडीला युरिया लागतो?"

"लागतो."

आरशात काकांचा चेहरा मला दिसत होता. सकाळपासून या गाडीतली एकही गोष्ट त्यांच्या ओळखीची निघाली नव्हती. आता पहिल्यांदा गाडीनं त्यांच्या हद्दीत पाय टाकला होता.

पंप आला. मी गाडी लावून उतरले, काकू हातपाय धुवायला गेली. पंपावरच्या माणसाला सांगितलं तर त्यानं निळ्या झाकणाची पांढरी कॅन आणली, पाण्यासारखं काहीतरी आत ओतलं, आणि पडद्यावरची पिवळी अक्षरं गेली. सगळे ड्रायव्हर त्या पाण्यालाच युरिया म्हणतात. माझं काम झालं, काकू येऊन बसली, मी मागं वळून पाहिलं. गोधड्यांचा ढीग तसाच, वर काकांची मफलर. झोपले असतील म्हणून दार हळूच लावलं. या गाडीची दारं अशी, की जरा टेकवली तरी स्वतःच ओढून घट्ट होतात.

निघालो.

"रेवे, त्यांना विचार, दशमी खाणार का."

"काका, दशमी?"

उत्तर नाही.

"त्यांना सांग, रुसायचं असलं तर रुसा, पण गोळी घ्यायचीय, उपाशी पोटी घेऊ नका."

"काका, गोळी."

उत्तर नाही. काकूचा चेहरा हळूहळू तापायला लागला. "पपईचं लागलं म्हणावं का एवढं? खरं बोलले होते ते, मी काय नाही म्हटलं?" आणि थोड्या वेळानं, "बरं, असेल पपई. ओवीत घालते पपई. मग तरी उठा म्हणावं." पेठ नाका गेला. काकूनं डब्यातला एक शेंगदाण्याचा लाडू घेतला, नेम धरला, आणि मागं फेकला. लाडू मफलरीवर बसला. मफलर खाली पडली. तिच्याखाली उशी होती.

पुढचा मिनिटभर गाडीत त्या जर्मन इंजिनाचाही आवाज आम्हाला ऐकू आला.

"रेवे," काकू म्हणाली, "माणूस कुठंय?"

वळायला जागा नव्हती. मधला दुभाजक संपेना, पुढच्या पुलाखालूनच फिरता येणार होतं. तोवर फोन तरी लावावा. गाडी चालू असताना पडद्यावर नावांची यादी दिसत नाही, तोंडानंच सांगावं लागतं. माझा फोन काकांकडं, म्हणून मी म्हटलं, "कॉल रेवा." वाजला, वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

"त्यांच्याच फोनवर लावते. कॉल काका." गाडीतल्या बाईनं काकडे मेडिकलला लावला. मी घाईनं तोडला. मग काकांचं नाव घेतलं, आडनाव घेतलं. असं कुणी नाही, म्हणाली.

"काकू, तुझ्या फोनात काकांचं नाव काय घातलंय?"

काकू खिडकीबाहेर बघायला लागली.

"काकू."

"मला काय माहीत. हेमंतनं घातलं. फोन घेऊन दिला तेव्हा विचारलं, बाबांचं काय टाकू. मी काय नाव घेणार होते का त्यांचं? म्हटलं, मी म्हणते तेच टाक."

"आणि तू काय म्हणतेस?"

"तू मोठी झालीस ना त्याच घरात. तुला ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं. सबंध आळीला ठाऊक होतं. परसातून काकूनं "अहो" अशी हाक दिली की दुकानातून काका, समोरून सोनार आणि वेशीवरून शाळेचे हेडमास्तर असे तिघे ओ देत, आणि नेमका ज्याला बोलावलं तोच पुढं येई. दोन वर्षं ती हाक आळीत ऐकू आली नव्हती.

"मग मी म्हणू का?" मी विचारलं.

काकूनं माझ्याकडं असं पाहिलं की मी रस्त्याकडं पाहिलं. "चुलता आहे तो तुझा."

"मग तू म्हण. मी बटण दाबते."

"मी नाही म्हणायची. मी शपथ घेतलीय."

"काकू, उन्हात उभे असतील ते. गोळी घेतलेली नाही, डबा आपल्याकडं आहे."

काकूनं पदर सारखा केला. सीटचं चेपणं थांबवायला लावलं. मग समोरच्या पडद्याकडं तोंड करून, नव्या नवरीनं उंबऱ्याआडून बोलावं तशी, ओठातल्या ओठात म्हणाली, "अहो."

गाडीतली बाई इंग्रजीतून म्हणाली, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.

"काय म्हणते?"

"मोठ्यानं म्हण म्हणते."

"अहो."

बाईनं गाडीतला गारवा कमी करून दिला.

"हिला पण ऐकू जात नाही," काकू म्हणाली. आणि तिचं काय बिनसलं कोण जाणे. ती सीटवर ताठ झाली, छाती भरून घेतली आणि परसातून दुकानात जायची तशी, मधली दोन वर्षं जणू झालीच नाहीत अशी, खणखणीत हाक मारली, "अहोऽऽ". शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवून पाहिलं.

"कॉलिंग अहो," गाडीतली बाई लाडिक आवाजात म्हणाली.

काकूचा चेहरा पडला, मग लाल झाला. "ती का म्हणते त्यांना अहो?"

"काकू, ती मशीन आहे."

"असेना. तिचे कोण लागतात ते?"

एवढ्यात फोन उचलला गेला. वाऱ्याचा आवाज, कुणाचं तरी हसणं, आणि काका. "हॅलो."

मी हुश्श केलं. "काका, कुठं आहात तुम्ही? माझ्या फोनवर किती वेळा लावला, उचलला का नाही?"

"तुझ्या फोनवर तिचा फोटो येत होता. तुला केलेला फोन मी कसा उचलू? आमचं बोलणं नाही." मग थांबून म्हणाले, "पण आत्ताचा माझ्याच फोनवर होता. म्हणजे मलाच केला होता."

काकू लाडवांच्या डब्याचं झाकण लावत बसली.

"रेवे," काका म्हणाले, "तिला सांग, मी पंपावरच आहे. आणि युरिया मिळालाय."

आम्ही पुलाखालून वळलो आणि परत आलो तेव्हा काका पंपाच्या पाटीखाली उभे होते. मैलाच्या दगडासारखे. शेजारी त्यांच्या मांडीपर्यंत आलेली पंचेचाळीस किलोची गोण, हातात एक हिरवी बाटली. भोवती पंपावरची माणसं आणि दोन ट्रकवाले, सगळ्यांचे चेहरे हसून हसून ओले. आपण काय केलं ते काकांना तोवर कळलेलं होतं हे लांबूनच दिसत होतं.

"पंपवाल्याला काय कळतो युरिया," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तो काहीही गळ्यात मारील. म्हणून म्हटलं, समोर कृषी केंद्र दिसतंय, आपण बघून, पारखून आणावा. तिथं रांग. त्यात युरियाला आधार लागतं, ते मशीन माझा अंगठा घेईना."

"आणि ही बाटली?"

काकांनी बाटली पाठीमागं धरली. "लिंकिंग."

ट्रकवाले पुन्हा हसले. युरिया हवा असेल तर दुकानदार शेतकऱ्याच्या गळ्यात नको असलेलं दुसरं औषधही बांधतो, तेच लिंकिंग. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ते बांधलं होतं. आज बाटली त्यांच्या हातात होती.

मला वाटलं आता काकू हसेल. पण ती उतरली नाही. तिनं काच खाली केली आणि सरळ समोर बघत म्हणाली, "रेवे, त्यांना विचार. या गाडीतली परकी बाई त्यांना हाक मारते. मी मारली. दोन वर्षांनी मारली. आता त्यांना माझं नाव घेता येतं का, विचार."

मी वळून काकांकडं पाहिलं. त्यांची मान खाली गेली होती.

"म्हणजे ते?" ते हळू म्हणाले. "लग्नातलं?"

"रेवे, त्यांना सांग, हो. लग्नातलं."

आणि मग मला आठवलं. हेमंतच्या लग्नात, घास भरवायच्या वेळी, सगळ्यांनी काकूला आग्रह केला होता. तिनं महिनाभर जुळवलेला सहा ओळींचा उखाणा घेतला आणि शेवटच्या ओळीत काकांचं नाव असं अलगद ठेवलं की व्याह्यांनीसुद्धा वाहवा केली. मग लोक काकांना म्हणाले, आता तुम्ही. काकूही बघत होती, हातातला घास तसाच धरून. आणि काका म्हणाले, "मला नाही येत असलं काही," आणि आचारी बोलावतोय असं सांगून उठून गेले. जमीन नव्हती, पाटल्या नव्हत्या. चारशे माणसांत काकूनं त्यांचं नाव घेतलं होतं आणि तिचं नाव तसंच राहून गेलं होतं.

"मला खरंच येत नव्हतं," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "रात्रभर जुळवलं होतं. बसत नव्हतं. लोकांत चुकलं असतं, तर तुझी मान खाली गेली असती."

काकूनं अजून समोरच पाहिलं. पण तिनं "रेवे, त्यांना सांग" असं म्हटलं नाही.

पंपावरचं हसणं थांबलं होतं. काकांनी बाटली गोणीवर ठेवली. टोपी काढली, पुन्हा घातली. घसा साफ केला. गोणीकडं पाहिलं, जणू तिथं काही लिहिलेलं आहे. आणि चारचौघांत, डिझेलच्या वासात, थांबत थांबत म्हणाले,

"भर रस्त्यात आणून ठेवली युरियाची गोण,
अनसूयेवाचून मला दुसरं आहे कोण."

मग एक ट्रकवाला म्हणाला, "काका, बसलं की."

"बसलं?" काकांनी चकित होऊन विचारलं.

काकूनं तोंडाला पदर लावला होता. पदराच्या आत ती हसत होती का दुसरं काही करत होती, ते मला दिसलं नाही. बऱ्याच वेळानं पदर खाली आला.

"अहो," ती म्हणाली, "ती गोण पाट्याशेजारी ठेवा. सीटला लागली तर लेक ओरडेल. आणि मागं एकटे बसू नका, मधे बसा. मी पण येते तिथं."

कोल्हापूर मागं पडलं, तवंदी घाट आला. माझ्या शेजारची सीट रिकामी होती आणि उगाच पाठ चेपत होती. मधल्या सीटवर दशमी, गोळी, पाणी असं सगळं यथासांग चाललं होतं. कुणी मला काही सांगायला सांगत नव्हतं. मला जरा करमेनासं झालं.

"हा युरिया टिकतो किती?" काकूनं विचारलं.

"टिकतो कसला. पाघळतो. बंगळूरला हवा ओली. गॅलरीत आठ कुंड्या आहेत हेमंतच्या, त्यांना चिमूटभर पुरेल. बाकीचा वाया."

काकू विचार करायला लागली. "आपल्या गव्हाला दुसरं पाणी कधी आहे?"

"महिन्यानं."

"म्हणजे पाघळायच्या आत नेऊन टाकायला पाहिजे."

"मी नेतो की."

"तुम्ही काय नेता," काकू म्हणाली. "तुम्हाला कुणी आणखी एक बाटली गळ्यात बांधील." मग पुढं वाकून मला म्हणाली, "रेवे, परतीचं तिकीट आमचं दोघांचं काढ. गोणीचं काय ते स्टेशनात विचार."

मी मान डोलावली. समोरचं धूसर व्हायला लागलं म्हणून मी स्टिअरिंग घट्ट धरलं, आणि त्या नादात अंगठा कुठल्याशा बटणावर पडला.

"अहो," मागं काकू सहज म्हणत होती, "जरा शाल द्या."

"कॉलिंग अहो," गाडीतली बाई उत्साहानं म्हणाली, आणि काकांच्या खिशात त्यांचा बटणाचा फोन वाजायला लागला.

काकूनं पडद्याकडं पाहिलं. राग नव्हता आता तिच्या आवाजात. दाराशी आलेल्या शेजारणीला सांगावं तसं ती म्हणाली,

"ठेव बाई. इथंच आहेत."